दुसरा अल्बम : कामाची वही

९ जून २०२४, रविवार

आजपासून वही. पहिल्या अल्बमच्या वेळी कोणी किती घातले याचा हिशेब शेवटपर्यंत जुळला नाही, आणि त्यावरून मी आणि गिटारवाला तीन महिने कामापुरतंच बोलत होतो. म्हणून या वेळी वही, आणि वही माझ्याकडे. बेस वाजवणाऱ्याकडे तसंही कोणी बघत नाही, त्यानं निदान हिशेब ठेवावा, असं ठरलं.

बँडच्या चौघांनी महिन्याला प्रत्येकी चार हजार, दहा महिने. १,६०,००० रुपये. त्यात बसेल तेवढंच करायचं. गाणी हातात सात, अर्धवट चार.

खरा मुद्दा ताईनं काढला. ताई म्हणजे आमची गायिका, दिवसा शाळेत मराठी शिकवते. पहिल्या अल्बमबद्दल ज्यानं त्यानं एकच सांगितलं होतं : "भारी आहे, पण शब्द कळत नाहीत." आम्ही ते हसण्यावारी नेलं. रॉकमध्ये शब्द कोणाला कळतात, वगैरे. पण मराठीत गायचं आणि मराठी माणसालाच कळायचं नाही, तर मराठीत गायचं कशाला, असं ताईनं विचारल्यावर तिघंही गप्प.

तर कसोटी ठरली. ताईच्या आई, म्हणजे आमच्या काकू, कोर्टात लघुलेखक होत्या. मराठी लघुलेखन, मिनिटाला १२० शब्द. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, हात अजून चालतो. गाणं मोबाइलच्या स्पीकरवर एकदाच लावायचं, काकूंनी उतरवायचं, मग ताईच्या कागदाशी ताडून बघायचं. आज नमुना म्हणून पहिल्या अल्बममधलं पहिलंच गाणं लावलं. ८६ शब्दांपैकी ३१ बरोबर. एका ओळीच्या जागी काकूंनी कंसात लिहिलं होतं : (साक्षीदार अस्पष्ट बोलतो).

३० जून, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, सराव नाही. ड्रमरनं फोनवर आठवण करून दिली की जुलैपासून त्याचं पथक सुरू होतंय, अनंत चतुर्दशीपर्यंत त्याला धरू नये. आमचा ड्रमर मुळात ताशेवाला. बारा वर्षांचा असल्यापासून ताशा, ड्रमसेटवर बसला तो विसाव्या वर्षी. पुण्यातल्या बँडनं वेळापत्रक करताना अधिक महिन्याचासुद्धा विचार करावा लागतो. या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला, म्हणजे सप्टेंबरचा पंधरवडाही गेला.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्याचा विसर्ग पहाटे वाढत ३५ हजार क्युसेकच्या वर गेला आणि नदी सिंहगड रोडच्या सोसायट्यांत शिरली. एकतानगरीतून लोकांना बोटीनं बाहेर काढलं. त्यापुढे आमचं नुकसान सांगण्यासारखं नाही, पण वही आहे म्हणून लिहितो.

आमची जॅमरूम म्हणजे विठ्ठलवाडीच्या अलीकडे एका बंगल्याचं गॅरेज. मी आणि ड्रमर पोचलो तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. शटर वर केलं तर फ्लोअर टॉम (ड्रमसेटमधला जमिनीवर उभा असतो तो ड्रम) तरंगत दाराशी आलेला, जणू आमचीच वाट बघत होता. भिंतीवरचे अंड्यांचे ट्रे लगदा होऊन खाली आले होते. त्यांनी आवाज कधीच अडवला नव्हता म्हणा, शेजारचे काका साक्षीला आहेत. बेसचं कॅबिनेट भुसाबोर्डाचं. ते खालून फुगून पावासारखं झालंय. गेलं. बास ड्रम वाचेल. लगांच्या, म्हणजे चामडं ताणायच्या स्क्रूंच्या खोबणींच्या, आट्यांत चिखल बसलाय, तो काढून शिवणयंत्राचं तेल घालायचं. मायक्रोफोनची पेटी माळ्यावर होती, हार्डडिस्क ताईकडे.

खर्च : टेम्पो ९००, तेल ६०, चहा सगळ्या गल्लीला.

११ ऑगस्ट, रविवार

गॅरेजच्या मालकांनी आता गाडी लावायचं ठरवलंय. त्यांचं बरोबर आहे. ड्रमर म्हात्रे पुलाच्या बाजूला नदीकाठी पथकात. म्हणून आम्ही तिघं ताईच्या कोथरूडच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, हळू आवाजात. गिटारवाल्याची साधी लाकडी गिटार, माझा बेस पुस्तकाएवढ्या अ‍ॅम्पवर, ताई बसून गाते.

इतक्या हळू आम्ही कधी वाजवलं नव्हतं. गॅरेजमध्ये एखादी ओळ तालात बसत नसली तर ताई ती ओरडून बसवायची. इथे ओरडता येत नाही, त्यामुळे न बसणारी ओळ नागडी पडते. तीन गाण्यांचे अंतरे तिनं आज बसल्या बैठकीला खोडले.

मी लिहिलेलं चार नंबर मोठ्या अभंगाच्या छंदात आहे : सहा, सहा, सहा, चार. बावीस अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. मला वाटलं होतं की बावीसचे दोन भाग केले की अकरा-अकरा मात्रांचे दोन बार, म्हणजे तालाची दोन आवर्तनं, होतील, लोकांना चमकवायला बरं. वाजवून बघितलं तर बार दुसऱ्या चरणाच्या शेवटच्या अक्षराआधीच तुटतो. छंद सहावर श्वास घेतो आणि आम्ही अकरावर. शेवटी सहाचे तीन बार आणि चारचा एक असं केलं. चारच्या बारला पायरी चुकल्यासारखं होतं, आणि ते छान आहे.

दुसरी अडचण अधिक खोल. छंद अक्षरं मोजतो, तोंड ती तशी उच्चारत नाही. 'वाट' छंदात दोन अक्षरं, बोलताना ठोका एकच. वारकरी टाळावर म्हणतात तेव्हा शेवटचा 'अ' लांबवून 'वाटऽ' करतात आणि अक्षर भरून काढतात. रॉकमध्ये तसं केलं की भजनाची नक्कल वाटते, नाही केलं तर बारमध्ये भोक पडतं. ताई म्हणाली, "भोक राहू दे. तिथं ड्रम आहे ना?" ड्रम नदीकाठी होता.

१८ सप्टेंबर, बुधवार

काल विसर्जन. ड्रमर आज दुपारी उठला. दोन्ही तळहातांना फोड, कानात शिट्टी. पंधरा दिवस काड्या हातात धरायच्या नाहीत असं मीच सांगितलं. तो म्हणाला बरं, आणि ताटलीवर चमच्यानं वाजवत बसला.

२० ऑक्टोबर, रविवार

वाई. गिटारवाल्याच्या आत्या इथे नदीजवळच्या आळीत राहतात, दुमजली वाडा, राहायला त्या एकट्या. ड्रम स्टुडिओत करायचे तर चार दिवसांचं भाडं आमच्या एकूण रकमेच्या निम्म्यावर जातं. वाड्याचं भाडं शून्य, अट एकच : कृष्णाबाईच्या उत्सवाच्या दिवसांत नाही.

आज नुसतं टाळ्या वाजवत फिरलो. चौकात आवाज वर आभाळात जातो, परत येत नाही, शिवाय पोपट. माजघर ठेंगणं, लाकडी तख्तपोशी, मातीच्या भिंती. टाळी वाजते आणि तिथल्या तिथे मरते. ओसरी मात्र मजेची : तीन बाजूंनी भिंत, एक बाजू चौकाला उघडी, खाली शहाबादी फरशी. आणि ओसरीच्या कोपऱ्यातून भिंतीच्या पोटातला जिना वर जातो, एका माणसापुरता, अंधारा. जिन्याच्या वळणावर उभं राहून खालची टाळी ऐकली तर ती अर्ध्या क्षणानं, जाड होऊन येते.

गिटारवाला पुन्हा ती गोष्ट सांगायला लागला. लेड झेपेलिननं हेडली ग्रेंजमध्ये जॉन बॉनमचे ड्रम खाली ठेवून दोन माइक जिन्यावर लावले होते ती. पन्नासाव्यांदा ऐकली. पण या वेळी समोर जिना होता, म्हणून कोणी अडवलं नाही.

आत्यांनी विचारलं, "किती वेळ बडवणार रोज?" सहा तास म्हटल्यावर त्या उठून शेजारी सांगायला गेल्या.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याहून पहाटे पाचला निघालो, तरी खंबाटकीला तुंबलोच. सामान लावण्यात दुपार गेली.

माइक आठ. बास ड्रमला एक, स्नेअरला (खाली तारा लावलेल्या ड्रमला) वरून-खालून दोन, टॉमना दोन, डोक्यावर दोन, आणि एक जिन्याच्या वळणावर. डोक्यावरचे दोन लावताना सुतळी घेतली. स्नेअरच्या मध्यापासून दोन्हीपर्यंतचं अंतर सारखं पाहिजे, नाहीतर एकच ठोका दोन वेळा पोचतो आणि एकमेकाला खातो. आवाज मीटरभर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. ऐकताना काही कळत नाही, पण दोन माइक एकत्र केले की स्नेअर पातळ होते. सुतळीला १०७ सेंटीमीटरवर गाठ मारली. ती गाठ घेऊन मी ड्रमरच्या डोक्यावर अर्धा तास उभा. आत्या म्हणाल्या, मुंज चाललीय की काय.

एकच टेक झाला. त्यात मधेच लंबकाच्या घड्याळाचे सहा ठोके. आत्यांनी उठून लंबक हातानं थांबवला. "चार दिवस वेळ नाही बघितली तर काय बिघडत नाही."

८ नोव्हेंबर, शुक्रवार

निवडणूक २० तारखेला. प्रचाराच्या रिक्षा सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी चारपासून. दुपारी एक ते तीन आळी झोपते, तेव्हा बडवायचं नाही, हा आत्यांचा शब्द शेजाऱ्यांना दिलेला आहे. उरले दुपारचा तीन ते चारचा एक तास आणि पहाट. पहाटे सहा ते नऊ ड्रम वाजवलेले चालतात, कारण सगळे उठलेलेच असतात. हे शहरात कधी सुचलं नसतं.

आज तीन गाणी. तिसऱ्याच्या शेवटी, झांज विझत असताना, लांबून एका रिक्षाची घोषणा आलीय. उमेदवाराचं नाव स्पष्ट, चिन्हही. गिटारवाल्याच्या मते ठेवावं, "काळाची खूण" म्हणून. ताईनं दोन कारणं दिली : एक, उद्या तो माणूस आमदार झाला तर? दोन, आपल्या गाण्यातले शब्द कळत नाहीत आणि त्याचे कळतायत, हे पुन्हा पुन्हा ऐकायची आपली तयारी आहे का? परत वाजवलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दहा गाण्यांचे ड्रम झाले. अकरावं सोडलं.

ड्रमरबद्दल एक लिहून ठेवतो. ताशेवाल्याचं सगळं मनगटात असतं, काडी उंच जात नाही. त्यामुळे त्याचा स्नेअर जोरात नसतो, दाट असतो. पहिल्या अल्बममध्ये आम्ही त्याला "मार, मार" म्हणत राहिलो आणि त्यानं खांद्यातून मारलं. ते साधारण कोणत्याही ड्रमरसारखं झालं. या वेळी जिन्यातला माइक होता, तो खोलीचा आकार स्वतः आणत होता, म्हणून त्याला मारावं लागलं नाही. पाच नंबरच्या कडव्यांत त्यानं स्नेअरची तार सैल करून काडीची फक्त टोकं फिरवलीयत. वर जिन्यात उभं राहून ऐकताना मला पत्र्यावरचा पाऊस वाटला. हेडफोन लावल्यावर वाटला नाही. दोन्ही लिहून ठेवतो.

क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर, तो फक्त चार गाण्यांत वाजला. बाकीच्या सहात तो अंतऱ्याला धावतो आणि धृपदाला बसतो. बसू दे.

बेस इथेच करायचा विचार होता, पण वाड्याला अर्थिंग नाही, सगळीकडे ५० हर्ट्झची घूं. घरी करीन.

खर्च : टोलसह गाडी ३,८००, माइकचं भाडं ११,०००, वाळवणाचे दोन डबे आत्यांनी उलट आम्हालाच दिले.

२४ नोव्हेंबर, रविवार

गिटारवाल्यानं घरी आठ दिवस खपून चार गाण्यांच्या गिटारी केल्या. आज एकत्र लावल्या तर गिटार दीड सेमीटोन वर आणि ड्रमच्या पुढे पळतेय. चार मिनिटांचं गाणं गिटारनं तीन-चाळीसलाच संपवलं. तो पांढरा पडला. तासभर तारा, ट्यूनर, सगळ्यावर संशय घेऊन झाला.

मग बघितलं : वाईचं रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने), याचं ४४.१ वर. प्रोग्रामनं त्याची फाइल न बदलता ४८ च्या चालीनं पळवली. फाइली नीट बदलून घेतल्यावर सगळं जागेवर आलं. पुढच्या वेळी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचं : ४८. (लिहिलं.)

१५ डिसेंबर, रविवार

ताईचं गाणं तिच्याच घरी, दोन कपाटांच्या मधे, तिन्ही बाजूंनी गोधड्या टांगून. काकूंच्या गोधड्या लुगड्यांच्या आहेत, जड. बाजारातल्या फोमपेक्षा बरं काम करतात आणि डांबराच्या गोळ्यांचा वास फुकट. कुकरच्या शिट्ट्या हा एकच शत्रू. वरच्या मजल्यावर बाराला तीन, खाली साडेबाराला चार. आम्हाला आता त्यांच्या डाळी ओळखू येतात.

ताई दोन-दोन ओळी तोडून गात नाही, गाणं सबंध गाते. चुकलं की पहिल्यापासून. वेळखाऊ आहे, पण श्वास खरे राहतात.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मिक्स करणारा मुलगा ठाण्याचा. पहिली तीन गाणी आली. ऐकायला मोठी, रुंद, परदेशी. आम्ही तिघं खूश. काकूंना लावलं.

दोन नंबरमध्ये काकूंनी उतरवलं : "ताक फिरते रात्रभर." ताईच्या कागदावर : "चाक फिरते रात्रभर."

आधी हसलो. मग लक्षात आलं की त्या बरोबर ऐकतायत. पुन्हा लावलं, ताकच. मराठीत 'चाक'मधला च हा 'चहा'मधला च नाही, तो दातांवरचा, त्यात त आणि स दोन्ही असतात. गायिकेच्या सकाराची धार मारायला मिक्समध्ये डी-एसर लावतात. त्याला पाच ते आठ किलोहर्ट्झमधला स दिसला की तो दाबतो. त्यानं आमच्या च मधला स चाटून नेला, उरला त. जादूची 'दादू' झाली नाही हे नशीब, ज जरा जाड असल्यानं तगला.

ठाण्याला कळवलं. तो म्हणाला, डी-एसर तर सगळ्यांच्याच गाण्याला लावतो, असं कोणी कधी सांगितलं नाही. मग त्यानं आपणहून एकेक च हातानं मोकळा केला, दहा गाण्यांत, दीड दिवस बसून. त्याचे जास्तीचे पैसे मागितले नाहीत, आम्ही दिले : १,५००.

गिटारही खाली आली. आवाज कमी न करता, दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडी पोकळी करून. व्यंजनं तिथेच राहतात आणि वाजवलेली गिटारही तिथेच पाय पसरून बसते. गिटारवाल्याला हे सांगताना मी 'पोकळी' म्हटलं नाही, 'जागा' म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

आज काकूंनी सगळी दहा उतरवली. सात गाण्यांत एकही चूक नाही. दोनांत एक-एक शब्द. एकात चार, पण तिथे ताई मुद्दाम कुजबुजलीय.

चार नंबर शंभर टक्के बरोबर. काकूंनी त्याचं पान माझ्यापुढे सरकवलं आणि काही बोलल्या नाहीत. लघुलेखन मला वाचता येत नाही, नुसत्या पेन्सिलीच्या शेपट्या. पण एका शेपटीखाली लाल रेघ होती. विचारलं तर म्हणाल्या, "हा शब्द कशाला आलाय?"

धृपद असं आहे :

नदीच्या कडेला / भिजलेलं दार / उघडं मी यार / सोडलं रे

रेघ 'यार'खाली. कशाला आलाय? यमकाला आलाय. सहा अक्षरं भरायला आलाय. गॅरेजमध्ये वाजवताना तो 'यार' कुणाला ऐकूच आला नसता. आता लख्ख ऐकू येतो, आणि एकदा ऐकला की सबंध गाण्यात तोच ऐकू येतो. सहा-सहा-सहा-चारच्या नादात मी अक्षरं मोजली, बाकी काही केलं नाही. ड्रम सुंदर आहेत, चारच्या बारवरची ती चुकलेली पायरी सुंदर आहे, आणि वर गाणं नाही.

२६ जानेवारी, रविवार

चार नंबर काढलं. मीच सुचवलं, म्हणजे दोन दिवस रुसून झाल्यावर. ताईनं शब्द बदलून परत गायची तयारी दाखवली होती. मी बदलून बघितले, 'पार', 'फार', 'वार'. प्रत्येकात तीच गत.

आता नऊ गाणी, ३३ मिनिटं. ड्रमर म्हणाला, कमी पडतंय, एक पटकन करू. ब्लॅक सबॅथच्या दुसऱ्या अल्बमला तीनेक मिनिटं कमी पडत होती म्हणून त्यांनी ऐन वेळी 'पॅरानॉइड' केलं, आणि तेच त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं झालं. हे खरं आहे. आम्हीही बसलो, दीड तास. निष्पन्न : बारा वडापाव. नऊच राहणार.

९ फेब्रुवारी, रविवार

मास्टरिंग, म्हणजे सगळ्या गाण्यांवरचा शेवटचा हात. गिटारवाल्याला आवाज मोठा हवा, उणे नऊ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). ऐकण्याची बहुतेक ठिकाणं आता सगळ्यांना साधारण उणे चौदाच्या आसपास आणतात. म्हणजे आपण उणे नऊवर चेपून दिलं तर ते पाच डेसिबल खाली ओढणार, मोठेपणा जाणार आणि चेपलेलं तेवढं आपल्याकडे राहणार. दोन्ही करून शेजारी-शेजारी, सारख्या आवाजात ऐकवलं. जिन्यातला ड्रम उणे नऊला सपाट पत्रा झाला होता. उणे अकरावर तह. शिखर उणे एकच्या वर जाऊ द्यायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

नाव ठरलं. खरं तर जूनमध्येच ठरलं होतं, आम्हाला उशिरा दिसलं : *साक्षीदार अस्पष्ट बोलतो*.

कव्हरवर काकूंच्या वहीचं पान. डिझाइन करणारीनं सगळी पानं चाळून एक निवडलं, त्यावरची ती लाल रेघ तिला आवडली.

पहिलं डिझाइन आलं तर 'बोलतो'मधला ल हिंदी वळणाचा, उभ्या दांडीचा. पाकळीचा नाही. तिला फरक दिसेना, काकूंना तो चष्म्याशिवाय दिसला. फॉन्टला भाषा मराठी आहे असं सांगितलं की बऱ्याच फॉन्टांत आपला ल आणि श येतो, सांगितलं नाही तर येत नाही. या फॉन्टात तो नव्हताच, बदलला. 'अस्पष्ट'चा ष्ट आधी तुटून ष् आणि ट वेगळे पडले होते, तेही मार्गी लागलं. ताई शाळेतून थकून आलेली, पण या विषयावर पाऊण तास बोलली.

प्रकाशनाला २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, असा एक विचार होता. त्या दिवशी सगळेच गौरव करत असतात, आपला कोण ऐकणार. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, ताई पर्यवेक्षणावर. पाडवा ३० मार्चला. त्यानंतरचा पहिला शुक्रवार : ४ एप्रिल. २०१५ पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं, आपणही त्याच पंगतीत.

६ मार्च, गुरुवार

फाइली चढवल्या. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, अल्बमला बारकोड. गीत आणि संगीत यांचे वाटे आधीच कागदावर : गीत ताईचं, संगीत चौघांत समान, ड्रमरसुद्धा. पहिल्या वेळी त्याला संगीतात धरलं नव्हतं. ती चूक होती.

रात्री वितरणवाल्यांची मेल. कव्हरवरचा मजकूर कोणत्या भाषेत आहे आणि त्याचा अर्थ काय, ते कळवा, नाहीतर कव्हर मंजूर होणार नाही. त्यांच्या मशीनला लघुलेखन वाचता आलं नाही. आम्हालाही येत नव्हतं. काकूंना फोन लावला, फोटो पाठवला.

त्यांनी शांतपणे वाचलं : "नदीच्या कडेला, भिजलेलं दार."

चार नंबर. लाल रेघेसकट, 'यार'सकट. डिझाइन करणारीला बिचारीला काय माहीत. तिनं सगळ्यात नितळ पान निवडलं, ज्यात खाडाखोड नाही असं. खाडाखोड नाही कारण त्या गाण्यात काकूंना एकदाही थांबावं लागलं नव्हतं.

ताईनं विचारलं, बदलायचं का. मी नको म्हटलं. मेलला उत्तर लिहिलं : भाषा मराठी, लिपी लघुलेखनाची, मजकूर एका गाण्याचे शब्द. हे गाणं या अल्बममध्ये नाही.

दोन दिवसांनी मंजूर.

४ एप्रिल, शुक्रवार

रात्री बाराला आला. चौघं ताईच्या घरी, काकू झोपलेल्या. देवनागरीत नाव टाकून शोधलं तर सापडतो. रोमनमध्ये 'स्पष्ट' लिहायच्या लोकांच्या चार पद्धती आहेत, त्यातल्या दोनांनी सापडतो. ड्रमरनं फोन कानाला लावून पाच नंबरचा पाऊस ऐकला आणि झोपायला गेला, त्याला सकाळी कामावर जायचं होतं.

५ एप्रिल, शनिवार

कार्यक्रम. १२० खुर्च्यांचं सभागृह, आले नव्वदच्या आसपास. दहाच्या आत संपवायचं म्हणून सातला सुरू केलं, पुणेकर साडेसातला आले. आत्या वाईहून एसटीनं. सभागृह गुंजणारं, शब्द पुन्हा अर्धे गेले. अंतऱ्यांत तरी ड्रमर मनगटावर राहिला होता, धृपदांत त्यालाही राहवलं नाही. काकू तिसऱ्या रांगेत, कानांत कापूस, मांडीवर वही मिटलेली.

आत्यांनी नंतर ड्रमरला सांगितलं की घरी जास्त चांगलं वाजलं होतं.

२० एप्रिल, रविवार

हिशेब बंद करतोय. जमा १,६०,०००, तिकिटांचे १३,५००. खर्च एकूण १,७१,२४०. शिल्लक २,२६०. बेसचं फुगलेलं कॅबिनेट या खर्चात धरलेलं नाही, ते माझं मी बघतो. अंड्यांचे ट्रे आणायचे नाहीत, यावर चौघांचं एकमत.

राहिलेलं : माइकचा एक स्टँड वाईला विसरलाय, आत्यांनी त्यावर दोरी बांधून वाळत घातलंय, राहू दे म्हणतात. ठाण्याला दुसरा हप्ता दिला. काकूंच्या वह्या दोन, पेन्सिली चार, लाल पेन एक : १३५. त्या घेत नाहीत, ताईकडे दिले.